डिग्री नसलेली इंजिनिअर

नॉलेज मॅनेजमेंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोठ्या कंपन्या, सर्व्हर आणि पीपीटी येतात. मला मात्र आठवते एमिली वॉरन रोबलिंग. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रिजचं नाव सिव्हिलवाल्यांनी तरी नक्की ऐकलं असेल. त्या पुलामागची ही बाई!

एमिलीचा जन्म १८४३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या कोल्ड स्प्रिंग गावी झाला. शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये (म्हणजे आमच्यातलीच!). १८६५ मध्ये तिचं लग्न इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंगशी झालं. सासरे जॉन रोबलिंग म्हणजे झुलत्या पुलांचे बादशहा. पाण्याखाली पाया कसा घालतात ते शिकायला हे जोडपं १८६७ मध्ये युरोपलाही जाऊन आलं.

१८६९ मध्ये पुलाच्या जागेची पाहणी करताना फेरीबोटीमुळे सासऱ्यांचा पाय चिरडला आणि धनुर्वात होऊन ते गेले. पूल अजून कागदावरच! पण मुलगा वडिलांच्या हाताखाली तयार झाला होता, म्हणून काम थांबलं नाही.

पायासाठी बुड नसलेल्या प्रचंड लाकडी पेट्या नदीत उतरवल्या होत्या. आत दाबाची हवा भरून माणसं खोदकाम करायची. बाहेर येताना दाब झटकन कमी झाला की रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात. १८७२ मध्ये याच आजाराने वॉशिंग्टनने अंथरूण धरलं. विचार करा, चीफ इंजिनिअर घरात आणि पूल नदीवर!

त्याने पुढच्या कामाच्या बारीकसारीक सूचना लिहून ठेवायला सुरुवात केली. पुढे तो सांगायचा आणि एमिली लिहून घ्यायची. पण ती काही नुसती पोस्टमन नव्हती. गणित, मटेरियलची ताकद, केबलचा वक्र, सगळं ती स्वतः शिकली. साइटवर जाऊन असिस्टंट इंजिनिअरांना सूचना समजावून द्यायची आणि त्यांच्या शंका घेऊन घरी यायची. हे वर्षानुवर्षं चाललं.

संकटंही आली. १८७८ मध्ये ठेकेदाराने खराब तारा खपवल्याचं उघड झालं. डिझाइनमध्ये ताकद गरजेच्या सहापट धरलेली होती. हिशोब केला तर तरीही सुमारे पाचपट उरत होती. मग प्रत्येक केबलमध्ये १५० जादा तारा घालून काम पुढे नेलं. १८८२ मध्ये वॉशिंग्टनलाच काढायची हालचाल झाली, पण १० विरुद्ध ७ मतांनी तो टिकला.

२४ मे १८८३ ला पूल खुला झाला. मधला गाळा जवळजवळ १,६०० फुटांचा, तेव्हा जगात सर्वात लांब! त्याआधी घोडागाडीतून पहिल्यांदा पलीकडे गेली ती एमिली, हातात कोंबडा घेऊन. पुढे ती कायदाही शिकली. १९०३ मध्ये ती वारली. पूल आजही वापरात आहे.

मित्रांनो, आपल्याकडे काय होतं? सीनियर्स पास आउट होतात आणि त्यांच्याबरोबर प्रोजेक्टही जातो. मागे उरतो बाइंड केलेला रिपोर्ट. त्यात काय जमलं ते असतं. काय फसलं, कुठला आयसी का जळला, ते कुणीच लिहीत नाही. मग ज्युनिअर्स पुन्हा शून्यापासून सुरू! माझं म्हणणं एवढंच, की प्रोजेक्टची एक वही ठेवा आणि ती समजून घेणारा एक ज्युनिअरही पहिल्यापासून सोबत घ्या. नुसती वही पुरत नाही, एमिलीही लागते!