रॉकेटचं इंधन घडवणारा कोल्हापूरकर

सायझिंग म्हणजे काय, हे भिवंडीच्या पोरांना सांगावं लागत नाही. ताण्याच्या सुताला खळ लावायची, मग ते मागावर तुटत नाही. तयार कापडात ती खळ कुणी शोधत बसत नाही, पण तिच्याशिवाय माग चालत नाही. रॉकेटच्या पोटातही अशी एक खळ असते. ती भारतात तयार व्हावी म्हणून ज्यांनी उमेदीची वर्षं घातली, ते डॉ. वसंत गोवारीकर.

इस्रो म्हटलं की आपल्याला साराभाई आठवतात, कलाम आठवतात. गोवारीकर कोण, असं मी वर्गात विचारलं तर उत्तर आलं, ‘लगान’वाले!

जन्म २५ मार्च १९३३ चा, पुण्यातला. लहानपण मात्र कोल्हापूरचं. पुढे इंग्लंडला गेले, बर्मिंगहॅम विद्यापीठातून केमिकल इंजिनीअरिंगमध्ये पीएच.डी. केली. मग हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात काम, नंतर रॉकेट मोटरवर काम करणारं समरफील्ड. म्हणजे तिकडे सगळं सेट होतं. तरी विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून १९६७ मध्ये ते केरळात थुंबाला आले. मच्छीमारांचं गाव, चर्चच्या इमारतीत थाटलेलं केंद्र. त्याच वर्षी इथून आरएच-७५ हे भारतीय बनावटीचं पहिलं रॉकेट उडालं. त्याचा व्यास फक्त ७५ मिलिमीटर!

खरी अडचण इंधनाची होती. अवकाशात हवा नाही, त्यामुळे जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजनही रॉकेटला सोबत न्यावा लागतो. घन इंधनात तो अमोनियम परक्लोरेट नावाच्या मिठासारख्या पावडरीतून मिळतो. त्यात ॲल्युमिनियमची भुकटी घालायची आणि दोघांना धरून ठेवायला रबरासारखा पॉलिमर. हीच ती खळ, फक्त ही स्वतःही जळते. हे मिश्रण कणकेसारखं मळतात, मधे साचा उभा करून मोटरच्या नळीत ओततात, उष्णता देऊन घट्ट करतात आणि साचा काढून घेतात. उरलेल्या पोकळीच्या भिंतीवरून इंधन जळत जातं. जळणारा पृष्ठभाग जितका जास्त तितका गॅस जास्त, तितका जोर जास्त. म्हणून कुठल्या सेकंदाला किती जोर मिळणार, हे पोकळीचा आकार ठरवतो. आणि म्हणूनच आत एखादी भेग राहिली तर पृष्ठभाग एकदम वाढतो, दाब चढतो नि मोटर फुटू शकते. एकदा पेटलं की बंद करायचं बटण नाही. दहा किलोचा गोळा जमला म्हणून कित्येक टनांचा जमेलच, असं अजिबात नाही.

छोट्या रॉकेटचं तंत्र फ्रान्सकडून लायसन्सवर मिळालं होतं. मोठ्याचं कोण देणार? असं इंधन क्षेपणास्त्रालाही चालतं ना! मग गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिमर इथेच बनवायला घेतले. त्यातल्या एकाचा कच्चा माल तर चक्क एरंडेल तेल.

१९७९ मध्ये ते विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले. त्याच वर्षी १० ऑगस्टला एसएलव्ही-३ श्रीहरिकोटाहून उडालं. चारही टप्पे घन इंधनाचे. काही मिनिटांत ते बंगालच्या उपसागरात पडलं. इंधनाने दगा दिला नव्हता, दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतून ॲसिड गळलं होतं. पण संचालकाला तेवढं सांगून सुटता येत नाही. अकरा महिन्यांनी, १८ जुलै १९८० ला, त्याच बनावटीच्या रॉकेटने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. पहिल्या टप्प्याचा व्यास आता एक मीटर होता.

पुढे ते केंद्रात विज्ञान-तंत्रज्ञान सचिव झाले. १९८८ चं सोळा घटकांवरचं मान्सून मॉडेल त्यांच्याच पुढाकाराचं. मग पुणे विद्यापीठाचे कुलगुरू, मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्ष. त्यावर एक वेगळं पान होईल.

त्यांच्या संचालकपदाच्या काळात ज्याला मंजुरी मिळाली, त्या पीएसएलव्हीचा पहिला टप्पा २.८ मीटर व्यासाचा आहे, इंधन घनच. नोव्हेंबर २०१३ मध्ये मंगळयान त्यावरूनच निघालं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत पोहोचलं. गोवारीकर तेव्हा ८१ वर्षांचे होते. २ जानेवारी २०१५ ला पुण्यात ते गेले.