रिकाम्या सीटचं गणित: जेआरडी टाटांनी सुरुवात टपालापासून का केली?

आमच्या हिवरखेडहून मुंबईला जायचं म्हणजे आधी अकोला गाठायचं आणि मग रेल्वे. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं, तेव्हा मला एकच प्रश्न पडला: हे टिकेल का? उत्तर शोधत मी थेट जेआरडी टाटांपाशी पोचलो.

जेआरडींचा जन्म १९०४ चा, पॅरिसमधला. विमानांचं वेड लहानपणीच लागलं. १९२९ मध्ये त्यांना वैमानिकाचं लायसन्स मिळालं, भारतात दिलेलं पहिलंच. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा वैमानिक विमानसेवेची योजना घेऊन टाटांकडे आला आणि काम सुरू झालं.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडींनी स्वतः पस मॉथ हे छोटं विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला आणलं. सोबत एकही प्रवासी नव्हता. होतं फक्त सुमारे २५ किलो टपाल.

असं का? विमान उडालं की रिकामी राहिलेली सीट कायमची वाया जाते. खर्च मात्र जवळपास तेवढाच होतो. त्या काळी तिकीट काढणारे किती? पहिल्या वर्षभरात मिळून १५५ प्रवासी, म्हणजे आठवड्याला सरासरी तीन! एवढ्यावर कंपनी कशी चालणार? टपाल मात्र दर आठवड्याला येणारच होतं. विलायतेची पत्रं विमानानं कराचीपर्यंत यायची, ती पुढे मुंबई-मद्रासला न्यायची होती. टपालाच्या वजनावर पैसे मिळायचे. म्हणजे आधी खात्रीचा लोड, मग प्रवासी.

याच कंपनीची १९४६ मध्ये एअर इंडिया झाली आणि १९४८ मध्ये तिचं विमान लंडनला गेलं. पण युद्धानंतर देशात विमान कंपन्या भराभर वाढल्या. प्रवासी थोडे, सीटा जास्त. इतक्या कंपन्यांना परवाने देण्याला जेआरडींचा विरोध होता, पण कुणी ऐकलं नाही. बऱ्याच कंपन्या तोट्यात गेल्या आणि १९५३ मध्ये सरकारनं विमानसेवा ताब्यात घेतली. जेआरडींना ते पटलं नव्हतं, तरी एअर इंडियाचं अध्यक्षपद त्यांनी १९७८ पर्यंत सांभाळलं. १९९३ मध्ये जिनिव्हात त्यांचं निधन झालं.

आता बेलोराकडे येऊ. आज छोट्या मार्गांवर टपालाची जागा सरकारच्या ‘उडान’ योजनेनं घेतलीय. काही सीटा ठरलेल्या कमी दरात विकायच्या आणि तूट सरकारनं भरून द्यायची. पण ही मदत साधारण तीन वर्षांचीच असते. त्यानंतर विमान चालतं ते तिकिटांवर. पहिल्या दिवशी सेल्फीला गर्दी झाली म्हणून मार्ग टिकत नाही. सणवार नसताना, साध्या आठवड्यात किती सीटा भरतात, त्यावर सगळं ठरतं.

म्हणून पुढच्या वेळी मुंबईला जाताना, परवडत असेल तर, रेल्वेच्या ॲपसोबत विमानाचं भाडंही एकदा बघा.