प्राध्यापक दि. ब. देवधर : अध्यापक आणि संघनायक

विद्या आणि खेळ यांचे हाडवैर आहे, असा समज आपल्या समाजात फार जुना आहे. मुलगा दहावीत गेला की त्याची बॅट माळ्यावर जाते. मुलीच्या हाती तर ती क्वचितच येते. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील आपल्या ज्ञातिबांधवांच्या घरीही हेच चित्र आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. म्हणून, ज्यांनी हा समज आपल्या उभ्या आयुष्याने खोटा ठरविला, त्या प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर यांचे चरित्र यंदाच्या स्मरणिकेत थोडक्यात सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

देवधरांचा जन्म पुणे येथे १४ जानेवारी १८९२ रोजी झाला. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृतचे प्राध्यापक होते. क्रिकेट हा तेव्हा उपजीविकेचा धंदा नव्हता. वर्गातील अध्यापन सांभाळून उरलेल्या वेळात मैदानाची उपासना करावयाची, हाच त्यांचा क्रम. १९११ साली ते मुंबईच्या तिरंगी सामन्यांत हिंदू संघातून प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळू लागले आणि १९४६ पर्यंत खेळत राहिले. त्या पस्तीस वर्षांत त्यांनी ८१ सामन्यांत ४,५२२ धावा केल्या.

१९२६ साली आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एम. सी. सी. चा बलाढ्य संघ हिंदुस्थानात आला. त्याच्याविरुद्ध मुंबईत हिंदू संघाकडून सी. के. नायडू यांनी १५३ धावा केल्या, तर अखिल भारतीय संघाकडून देवधरांनी १४८. येथील खेळाडू इंग्रजांशी बरोबरीने झुंजू शकतात, हे या खेळींनी जगास दिसले. पुढे १९३२ साली भारत पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा देवधर चाळीस वर्षांचे झाले होते. कसोटी खेळण्याचा मान त्यांस कधीच मिळाला नाही. दुसरा कोणी असता तर येथेच थांबता. देवधरांचे खरे कार्य मात्र यापुढेच घडावयाचे होते.

ते महाराष्ट्राच्या संघाचे नायक झाले. मुंबईसारखी वैभवशाली मैदाने व धनिकांचा आश्रय या संघामागे नव्हता. परंतु नायक अध्यापक होता, आणि आपल्याहून निम्म्या वयाच्या मुलांना घडविणे हा तर अध्यापकाचा नित्याचाच व्यवसाय. सांगलीचे विजय हजारे त्या वेळी अवघे चोवीस-पंचवीस वर्षांचे होते. १९३९-४० च्या हंगामात त्यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडकातील ते पहिले त्रिशतक होय. त्याच हंगामात संयुक्त प्रांताचा दहा गड्यांनी पराभव करून महाराष्ट्राने करंडक जिंकला. पुढच्या हंगामात मुंबईशी गाठ पडली. मुंबईने ६५० धावांचा डोंगर रचला, तरी महाराष्ट्राच्या ६७५ धावांपुढे तो पंचवीस धावांनी उणाच पडला. त्यांतील २४६ धावा अठ्ठेचाळीस वर्षांच्या नायकाच्या होत्या! अखेरच्या सामन्यात मद्रासला नमवून महाराष्ट्राने करंडक राखला.

येथे एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. पंचरंगी सामन्यांत संघ धर्मावरून पडत. तेथे देवधर हिंदूंकडून खेळत, तर ख्रिस्ती असलेले हजारे इतरेजनांच्या संघातून. महाराष्ट्राच्या संघात मात्र हे गुरु-शिष्य एकाच बाजूस उभे राहिले, आणि तेथेच त्यांच्या हातून सर्वांत मोठा पराक्रम घडला. ज्ञातीचे मंडळ चालविणाऱ्या आपण सर्वांनी हे विसरू नये. मंडळाने मुलास आधार द्यावा, त्याची सीमा आखू नये.

शिष्यांनी पुढे नाव काढले. त्या संघातील रंगा सोहोनी १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात भारताकडून कसोटी खेळले. १९५२ साली मद्रासला भारताने कसोटीतील पहिला विजय मिळविला, तेव्हा नायक हजारे होते. जो मान गुरूस लाभला नाही, तो शिष्यांच्या रूपाने घरी आला, असेच आम्ही म्हणू.

देवधरांनी घरातही हाच धडा दिला. तारा, सुंदर व सुमन या त्यांच्या कन्यांनी बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली, आणि तीही १९४० च्या दशकात, मुलींनी मैदानावर उतरणे अनेक घरांत नापसंत असताना. स्वतः देवधरांनी १९४४ साली, पन्नाशी उलटल्यावर, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात १०५ व १४१ अशी दोन शतके झळकाविली. राष्ट्रीय निवड समितीवरही त्यांनी काम केले. १९६५ साली पद्मश्री व १९९१ साली पद्मभूषण देऊन शासनाने त्यांचा गौरव केला. १९७३-७४ पासून त्यांच्या नावाने देवधर करंडकाची स्पर्धा सुरू झाली. वयाचेही शतक पुरे करून २४ ऑगस्ट १९९३ रोजी त्यांनी पुण्यात देह ठेविला.

आमचेही आयुष्य फळ्यापुढे गेले. शिक्षकाचे यश त्याच्या स्वतःच्या गुणांत मोजावयाचे नसून विद्यार्थ्यांच्या वाटचालीत मोजावयाचे असते, हे देवधरांच्या चरित्रावरून पुन्हा पटते. आज पहाटेच्या लोकलने डोंबिवली-कल्याणची मुले पाठीवर अवजड पिशव्या घेऊन आझाद मैदानाकडे निघतात. डब्यात त्यांना थोडी जागा द्यावी, आणि घरी त्यांच्या अभ्यासाबरोबर खेळाचीही चौकशी करावी, एवढीच आमची सभासद-कुटुंबांस नम्र विनंती आहे.