हाफकिन आणि बाटली नंबर 53-एन

इंजिनिअरिंगच्या मासिकात लस शोधणाऱ्या माणसाचं काय काम, असं तुम्ही म्हणाल. सांगतो. 2021 मध्ये आमच्या तलवाड्यात (ता. गेवराई) करोनाची लस आली तेव्हा आळीतली बरीच मंडळी शेतात पसार झाली होती. आमची आजी त्यात पुढे! तिचं म्हणणं, तिच्या सासूच्या काळी घरात उंदीर मरून पडले की लोक गाव सोडून रानात झोपड्या घालत, सुई कुणी टोचली नव्हती. त्या उंदरांच्या मागे लागून मी वाचत गेलो आणि हाफकिन साहेबांपाशी पोचलो.

हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव सापाच्या विषावरच्या औषधामुळे आपल्याकडे खेड्यातही ठाऊक असतं. माणूस मात्र कुणाला माहीत नाही. वाल्डेमार हाफकिन, जन्म 1860, गाव ओडेसा. ज्यू कुटुंबातला. विशेष म्हणजे हा डॉक्टर नव्हताच, प्राणिशास्त्राचा माणूस. पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत त्याने कॉलऱ्याची लस तयार केली आणि 1892 च्या जुलैत पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्या वर्षी तो कलकत्त्याला आला.

1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला. हाफकिनला बोलावणं गेलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात जागा मिळाली, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. (आपल्या प्रोजेक्ट लॅबबद्दल आपण किती कुरकुर करतो!) त्याची पद्धत मला फार आवडली. मांसाच्या रश्शात जंतू वाढवायचे, पण लोकांना गाय-डुकराचं चालणार नाही म्हणून मांस बोकडाचं. वर तुपाचे थेंब तरंगत सोडायचे. थेंबाच्या खालून जंतू झुंबरासारखे लोंबत वाढतात. फ्लास्क हलवला की ते तळाशी पडतात आणि वर नवे धरतात. शेवटी सगळं तापवून जंतू मारायचे, ही झाली लस. 10 जानेवारी 1897 ला त्याने ती स्वतःला टोचून घेतली. चांगला ताप भरला, पण काम थांबवलं नाही.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना लस दिली. ज्यांच्या अंगात रोग आधीच होता ते सोडले, तर लस घेतलेल्यांत दोघांना प्लेग झाला आणि दोघेही वाचले. न घेतलेल्यांत 12 जणांना झाला, त्यातले 6 गेले. याच साथीत मार्चमध्ये पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. गोऱ्या सोजिरांच्या घरझडतीने लोक चिडले होते, जूनमध्ये रँडचा खून झाला. अशा वातावरणात सरकारी सुई पुढे करणं किती अवघड असेल, विचार करा. 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात त्याची प्रयोगशाळा सुरू झाली.

आणि मग 30 ऑक्टोबर 1902. पंजाबातल्या मुलकोवाल गावी 107 जणांना पाच बाटल्यांतून लस दिली. त्यातल्या 53-एन या एका बाटलीतली लस घेतलेले सगळे 19 जण धनुर्वाताने मेले. बाकी चार बाटल्यांच्या लोकांना काहीच झालं नाही. चौकशी समितीने ठपका ठेवला तो मुंबईच्या प्रयोगशाळेवर. हाफकिनने लस टिकवायला कार्बोलिक ॲसिड घालणं बंद केलं होतं, त्यावर बोट ठेवलं. त्याचं पद गेलं.

आपण फेल्युअर ॲनालिसिस शिकतो ना, तेच इथे कुणी नीट केलं नाही. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे साक्षीत आलेलं होतं. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. तरी पाच वर्षं हा माणूस कलंक घेऊन फिरला. गोरा असला तरी ज्यू, आणि त्यात डॉक्टर नाही. हे नडलं असं माझं मत. अखेर रोनाल्ड रॉस (मलेरियावाले) यांच्यासारख्यांनी लंडनच्या टाइम्समध्ये त्याची बाजू मांडली आणि 1907 मध्ये तो निर्दोष ठरला. तो परत आलाही, पण कलकत्त्याला. परळ त्याला पुन्हा मिळालं नाही.

1925 मध्ये त्या प्रयोगशाळेला त्याचं नाव दिलं. लग्न त्याने केलंच नाही. 1930 च्या ऑक्टोबरात स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरी तो वारला.