रस्ता कुणाच्या दारात, कर कुणाच्या खिशातून?

नगरपरिषदेची चतुर्थवार्षिक कर आकारणीची नोटीस दारात आली की बुलडाणा जिल्ह्यातल्या शहरांमध्ये एकच चर्चा सुरू होते. घरपट्टी किती वाढली? जो जाणकार आहे, तो मुदतीत हरकत घेतो. आमची वस्ती मात्र नशिबाला बोल लावते आणि पावती फाडून मोकळी होते. तो पैसा कुणाच्या दारातल्या रस्त्यावर खर्च झाला, हे विचारायचे आम्हाला सुचत नाही. अशा वेळी आम्हाला राष्ट्रपिता जोतीराव फुले आठवतात. शाळा काढणारे जोतीराव आम्हाला ठाऊक आहेत, पण नगरपालिकेच्या सभागृहात बसून खर्चाचा जाब विचारणारे जोतीराव आम्ही विसरलो आहोत.

11 एप्रिल 1827 रोजी पुण्यात त्यांचा जन्म झाला. आई चिमणाबाई लहानपणीच गेली. वडील गोविंदराव यांचा फुलांचा व्यवसाय होता. 1848 साली जोतीरावांनी मुलींची शाळा काढली आणि त्यापायी 1849 साली सावित्रीमाईंसह त्यांना वडिलांचे घर सोडावे लागले. 1868 साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. सार्वजनिक पाणवठे ज्यांना बंद होते, त्यांना त्यांनी स्वतःच्या दारात पाणी दिले. 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला.

जोतीराव कंत्राटदारही होते. खडकवासल्याचे धरण, कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल या कामांशी त्यांचा व्यवसाय जोडलेला होता. दगड कितीला पडतो, चुना कितीला येतो, मजुराच्या हातात किती पडते आणि मधल्यामध्ये किती जिरते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. म्हणूनच 1876 साली सरकारने त्यांना पुणे नगरपालिकेचे सभासद नेमले, तेव्हा कागदावरच्या आकड्यांना भुलणारा माणूस तिथे गेला नव्हता. 1882 पर्यंत ते तिथे होते.

त्या काळी नगरपालिकांचे मोठे उत्पन्न जकातीचे असे. खेड्यातला शेतकरी भाजीची गाडी घेऊन शहराच्या नाक्यावर आला की आधी जकात, मग बाजार. ती जकात मालाच्या भावात मिसळे आणि शेवटी गरिबाच्या चुलीपर्यंत पोचे. याच पैशातून रस्ते, दिवे आणि इमारती होत. ज्याचा वाडा पक्क्या रस्त्यावर आला, त्याचे भाडे वाढले आणि जागेची किंमतही वाढली. त्या वाढीचा हिशेब त्याच्याकडे कुणी मागितला नाही. पैसा राबणाऱ्याचा आणि फायदा मालकाचा, असा हा उलटा न्याय होता. 1883 साली पूर्ण झालेल्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात जोतीरावांनी शेतकऱ्यावरच्या करांचा, जकातीचा आणि टोलचा हाच पाढा वाचला आहे.

1880 साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार होते. त्यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेच्या तिजोरीतून हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला. बत्तीस सभासदांपैकी विरोधात मत देणारे जोतीराव एकटेच होते. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी दारूची दुकाने वाढू लागली, त्यालाही त्यांनी विरोध केला. मंडईच्या भव्य इमारतीवर पैसा ओतण्यासही त्यांनी हरकत घेतली. मंडई उभी राहिलीच, आणि पुढे तिला नाव दिले गेले महात्मा फुले मंडई! ज्याने खर्चाचा जाब विचारला, त्याचेच नाव इमारतीवर कोरून तो जाब विसरून जाण्याची ही रीत आम्ही ओळखली पाहिजे.

मे 1888 मध्ये जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवा हात गेला, तर त्यांनी डाव्या हाताने लिखाण पुरे केले. 28 नोव्हेंबर 1890 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर पंचवीस वर्षांनी, 1915 च्या मुंबई नगररचना कायद्यात एक तत्त्व आले. सार्वजनिक सुधारणेमुळे ज्याच्या जागेची किंमत वाढते, त्याने त्या वाढीचा काही भाग अंशदान म्हणून द्यावा. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यातही नगररचना योजनेत ते आहे, आणि वाढलेल्या किमतीच्या निम्म्यापर्यंत ते घेता येते. पण जिथे अशी योजनाच नाही, तिथे रस्ता सर्वांच्या पैशातून होतो आणि वाढलेली किंमत एकट्या मालकाच्या खिशात जाते.

उलट ज्याने पोटाला चिमटा घेऊन गुंठाभर जागा घेतली, त्याला 2001 च्या गुंठेवारी कायद्याने घर नियमित करायचे, तर प्रशमन शुल्क आणि विकास आकार भरावा लागतो. म्हणजे गरिबाने आधी पैसे भरायचे आणि नंतर रस्त्याची वाट पाहायची. नगरपरिषदांची जकात 1999 साली गेली, पण शासनाचे अनुदान काही आभाळातून पडत नाही. साबणाच्या वडीपासून चपलेपर्यंत जो कर आम्ही भरतो, त्यातूनच ते येते.

कर भरू नका, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. जोतीरावांनीही तसे शिकवले नाही. रस्ता हवा, गटार हवे, नळ हवा, तर कर हवाच. पण कर भरणाऱ्याला हिशेब मागण्याचा हक्क आहे. आकारणीची यादी लागली की ती वाचा. आपल्या पत्र्याच्या घराला काय लावले आणि मुख्य रस्त्यावरच्या तीन मजली दुकानाला काय लावले, ते ताडून पाहा. चूक दिसली तर मुदतीत हरकत घ्या. गेल्या चार वर्षांत कोणत्या प्रभागात किती रस्ता झाला, हे 2005 च्या माहिती अधिकाराखाली विचारा.

आमच्या वस्त्यांतून निवडून गेलेले नगरसेवकही थोडे नाहीत. त्यांनी एकच करावे. ठरावावर हात वर करण्यापूर्वी त्या बत्तीसांतला एक आठवावा. सभागृहात आपण एकटे पडतो, म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही. एकटे तर जोतीरावही पडले होते.