आचार्य धर्मानंद कोसंबी आणि ताटातला वाद

अलीकडे आपल्या मंडळातल्या काही घरांत एक नवा वाद ऐकू येतो. हैदराबादला, पुण्याला शिकायला गेलेली मुले गणपतीत घरी येतात. एकजण सांगतो, माझ्या मोदकावर तूप नको, दूध काढणे म्हणजेही जनावराचे शोषण आहे. दुसरी, त्याच विचारांची, शेतकऱ्यांच्या मोर्चाला जाणारी, त्याला सुनावते की शाकाहाराचा आग्रह ही वरच्या जातींची मिजास आहे. दोघेही स्वतःला डावे म्हणवतात. 2012 साली उस्मानिया विद्यापीठात खाण्यावरूनच विद्यार्थ्यांत हाणामारी झाली, ती आपल्यापैकी पुष्कळांच्या लक्षात असेल. हे ऐकताना आम्हाला धर्मानंद कोसंबी आठवतात. समाजवाद मानणारा आणि अहिंसाही मानणारा हा मराठी माणूस याच वादात सापडला होता, म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी त्यांचे चरित्र लिहायला घेतले.

धर्मानंदांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातील साखवाळ येथे सारस्वत घराण्यात झाला. सारस्वत म्हणजे मासे खाणारे ब्राह्मण, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. शाळा थोडी झाली, पुढे घरच्या नारळांची देखरेख. एका मराठी मासिकात बुद्धाचे चरित्र वाचनात आले आणि मन तिकडेच लागले. 1899 च्या अखेरीस पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी यांना मागे ठेवून त्यांनी घर सोडले. बाळाबाईंच्या वाट्याला काय आले, याची दखल आपण चरित्रे वाचणारे फारशी घेत नाही. पुणे, ग्वाल्हेर, मग काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत, पुढे नेपाळ, बुद्धगया, आणि 1902 मध्ये सिंहलद्वीप. तिथे कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात पाली शिकून ते भिक्षू झाले. नंतर ब्रह्मदेशही पाहिला. परत आल्यावर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना 50 रुपये दिले, त्यावर संसार आणि लेखन चालले. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना चार वेळा बोलावले.

समाजवादाची ओढ त्यांना अमेरिकेतच लागली. 1929 मध्ये ते लेनिनग्राडलाही जाऊन आले. परतल्यावर 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात पडले आणि तुरुंगात गेले. 1937 मध्ये मुंबईच्या परळ भागात, गिरणी कामगारांच्या वस्तीत, त्यांनी बहुजन विहार उभा केला. पैसा बिर्लांचा होता, ही गंमत सोडून देऊ.

आता मूळ विषयाकडे. त्यांचा 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ 1940 च्या सुमारास नागपूरहून निघाला. पाली ग्रंथांत पसेनदी राजाच्या यज्ञाची एक कथा आहे. शेकडो बैल, कालवडी, बोकड, मेंढे यूपाला बांधलेले आहेत, आणि त्याच जागी राजाचे दास व नोकर मार खाण्याच्या भीतीने रडत रडत कामे करीत आहेत. जनावर आणि माणूस, दोघांचे हाल एकाच ठिकाणी मांडलेले. दुसरी कथा कूटदंत ब्राह्मणाची. त्याला बुद्ध एका जुन्या राजाची गोष्ट सांगतो. राजाला मोठा यज्ञ करायचा असतो, पुरोहित त्याला थांबवतो. शेतकऱ्याला बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, नोकरांना वेतन दे, म्हणजे चोऱ्या आपोआप थांबतील, असा त्याचा सल्ला. पुढे यज्ञ होतो, पण एकही जनावर कापले जात नाही. आपल्या कापसाच्या जिल्ह्यात बियाण्याची किंमत कोणाला सांगायला नको, आणि पोळा होऊन चारच दिवसांत गणपती बसतात, तेव्हा बैलाचे मोलही सांगायला नको. धर्मानंदांना बुद्ध आवडला तो असा, बैल आणि मजूर दोघांकडे बघणारा.

पण याच ग्रंथात मांसाहारावर एक प्रकरण आहे आणि त्यावरून वादळ उठले. चुंद लोहाराने बुद्धाला शेवटच्या भोजनात वाढलेले 'सूकरमद्दव' म्हणजे काय? जुने टीकाकारही एकमताचे नाहीत. कोणी डुकराचे मांस म्हणतात, कोणी भाताचा मऊ पदार्थ, कोणी रसायन. धर्मानंदांनी सगळी मते मांडली आणि बुद्ध मांस खात असे हे लपवले नाही. बौद्ध भिक्षूंचा नियमही तसाच आहे. आपल्यासाठी प्राणी मारलेला पाहिला, ऐकला किंवा तसा संशय आला तर ते मांस घ्यायचे नाही, एरवी भिक्षापात्रात पडेल ते खायचे. एवढ्यावर ते थांबले असते तर निभावले असते. त्यांनी जैन आगमांतले उताऱ्यांचे दाखले देऊन लिहिले की प्राचीन काळी जैन श्रमणही मांस घेत. जैन समाज खवळला. या शब्दांचा अर्थ प्राणी नसून कोहळा, महाळुंग अशी फळे आहे, असे जैन पंडितांचे म्हणणे. आम्ही पाली-प्राकृतातले जाणकार नाही, निकाल देणार नाही. आम्हाला पटते ते एवढेच, की मांसाहाराची भलामण करण्यासाठी त्यांनी हे लिहिले नव्हते. ज्या काळी जे होते ते तसे सांगावे, आणि आपली करुणा पूर्वजांच्या ताटावर अवलंबून ठेवू नये, इतकी त्यांची भूमिका आम्हाला दिसते.

1935 च्या 'हिंदी संस्कृति आणि अहिंसा' या पुस्तकात त्यांनी दुसऱ्या बाजूलाही टोचले. किडामुंगी जपणारी अहिंसा माणसाच्या पिळवणुकीपुढे गप्प बसते, हे त्यांना खुपत होते. आणि समाजवाद्यांनी अहिंसा टाकून चालणार नाही, हेही ते सांगत. त्यामुळे दोन्हीकडचे लोक त्यांना पूर्ण आपला मानत नव्हते, असे आम्हाला वाटते. दुधाचा प्रश्न मात्र तेव्हा गांधीजींच्या वाट्याला आला होता. गाईम्हशींवर होणारे फुंक्याचे क्रूर प्रकार कळल्यावर त्यांनी दूध सोडले, पुढे आजारपणात शेळीच्या दुधावर आले, आणि ती तडजोड त्यांना कायम बोचत राहिली.

धर्मानंदांचे चिरंजीव दामोदर कोसंबी मार्क्सवादी इतिहासकार म्हणून वडिलांपेक्षाही गाजले. अहिंसेची कारणे त्यांनी अर्थव्यवहारात शोधली. यज्ञासाठी जनावरे ओढून नेली जात, शेती वाढत होती, बैल हवा होता, म्हणून यज्ञाला विरोध करणारे धर्म शेतकऱ्याला जवळचे वाटले, असे त्यांचे म्हणणे. वडिलांनी जिथे करुणा पाहिली तिथे मुलाने नांगर पाहिला. आपल्या घरच्या मुलांनी हे दोघे बापलेक वाचावेत असे आम्ही सुचवू.

शेवटची वर्षे आजाराची गेली. शरीर आता कामाचे राहिले नाही, तेव्हा अन्न सोडून ते ठेवावे, असे धर्मानंदांनी ठरवले. एकदा सुरू केलेले उपोषण गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी सोडले होते. मग ते सेवाग्राम आश्रमात आले. आपल्याकडून पैनगंगा ओलांडून पांढरकवडा, हिंगणघाट करत वर्ध्याला गेले की सेवाग्राम लागते. तिथे पुन्हा उपोषण सुरू करून 4 जून 1947 रोजी त्यांनी देह ठेवला. आदल्याच दिवशी फाळणीची योजना जाहीर झाली होती, तरी गांधीजींनी दिल्लीच्या प्रार्थनासभेत त्यांची आठवण काढली. जैन ज्याला सल्लेखना म्हणतात, तशाच रीतीने हा मृत्यू झाला, आणि त्यांच्या निधनानंतर छापून आलेले पुस्तक होते जैनांच्या तेविसाव्या तीर्थंकरावरचे, 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म'.