विल्यम स्मिथ ओब्रायन

बहुतांचें मत तेंच आपलें मत म्हणणें सोपें असतें. परंतु आपल्या सदसद्विवेकबुद्धीला पटेल तेंच करावयाचें आणि त्याचें फळ आपणच भोगावयाचें, हें व्रत फार थोड्यांना पेलतें. आयर्लंडांतील विल्यम स्मिथ ओब्रायन हे त्या थोड्यांपैकीं होत.

त्यांचा जन्म १७ ऑक्टोबर १८०३ रोजीं क्लेअर परगण्यांतील ड्रोमोलंड येथें झाला. प्राचीन राजा ब्रायन बोरू याच्या वंशांतलें हें घराणें प्रॉटेस्टंट व मोठें जमीनदार होतें. हॅरो व केंब्रिज येथें शिक्षण झाल्यावर १८२८ सालीं ते पार्लमेंटांत गेले. पुढें आजोळची काहिरमॉइल येथील जमीनदारी त्यांस मिळाली व १८३५ पासून ते लिमरिक परगण्याचे प्रतिनिधि झाले.

१८२९ पर्यंत रोमन कॅथॉलिकांना पार्लमेंटांत बसतां येत नसे. त्यांना समान हक्क मिळावे, असें ओब्रायन यांचें मत होतें. तरीहि कॅथॉलिकांचे पुढारी डॅनियल ओकॉनेल १८२८ सालीं क्लेअरमधून उभे राहिले, तेव्हां त्यांच्या उमेदवारीस त्यांनीं उघड विरोध केला. उलट, १८४३ सालीं सरकारनें त्याच ओकॉनेलांवर खटला भरला, तेव्हां ते स्वतंत्र आयरिश पार्लमेंटच्या चळवळींत शिरून त्यांच्या पाठीशीं उभे राहिले. जुना विरोधक संकटकाळीं मित्र झाला! पुढें १८४६ सालीं शस्त्रबळाचा प्रत्येक प्रसंगीं निषेध करण्याची शपथ संस्थेनें सभासदांवर लादली, तेव्हां तरुण सभासदांसह ते तींतून बाहेर पडले. त्याच वर्षीं केवळ आयर्लंडच्याच कामांत आपण लक्ष घालूं, असें सांगून त्यांनीं पार्लमेंटच्या रेल्वे-कमिटीवर बसण्याचें नाकारलें व त्यापायीं पार्लमेंटच्याच इमारतींत कैद भोगली.

इकडे १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून भयंकर दुष्काळ पडला होता. सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं आणि तितकींच किंवा अधिक देश सोडून गेलीं. जुलै १८४८ मध्यें सरकारनें चौकशीवांचून अटक करण्याचा अधिकार घेतला, तेव्हां ओब्रायन यांनीं उठावाचें निशाण उभारलें. टिपेररी परगण्यांत ते गांवोगांव हिंडले. परंतु जमलेल्या भुकेल्या लोकांना द्यावयास अन्न नव्हतें, आणि लुटीला त्यांनीं सक्त मनाई केली. आडोशासाठीं मालकाच्या परवानगीवांचून झाडें तोडूं देण्यासहि ते तयार नव्हते! लोक पांगले. २९ जुलै रोजीं बॅलिंगॅरीजवळ पोलिसांनीं एका विधवेच्या घरांत आश्रय घेतला. आंत तिचीं मुलें होतीं. ओब्रायन बोलणें करण्यासाठीं स्वतः खिडकीशीं गेले. इतक्यांत गोळीबार सुरू झाला, दोघे ठार झाले व उठाव तेथेंच संपला. तयारीवांचून उपाशी लोकांना त्यांत ओढणें ही त्यांची मोठी चूक होती, हें त्यांच्या चाहत्यांनींहि मान्य केलें पाहिजे.

क्लॉनमेल येथें त्यांना देहांताची शिक्षा झाली. दयेचा अर्ज करण्यास त्यांनीं नकार दिला. सरकारला त्यांस फांशीं देणें नको होतें. म्हणून १८४९ सालीं नवा कायदा करून त्यांना काळ्या पाण्यावर, हल्लींच्या टास्मानिया बेटांत, धाडण्यांत आलें. पळून न जाण्याचें वचन देऊन सोबत्यांनीं सवलती घेतल्या, ओब्रायन यांनीं वचन नाकारून पहाऱ्यांतील एकांतवास पत्करला, व १८५० सालीं निसटण्याचा प्रयत्न केला, तो फसला. त्यानंतर त्यांनीं वचन दिलें. मात्र एकदां दिलेलें तें कधींहि मोडलें नाहीं. १८५४ सालीं त्यांची सुटका व १८५६ सालीं पूर्ण माफी झाली. मायदेशीं परतल्यावर ते पुन्हां पार्लमेंटांत गेले नाहींत. १८ जून १८६४ रोजीं वेल्समधील बँगर येथें ते वारले. १८७० सालीं डब्लिन शहरांत त्यांचा पुतळा उभारण्यांत आला.

विद्यार्थिमित्रहो, उठावाच्या दृष्टीनें पाहतां हें चरित्र अपयशाचेंच आहे. परंतु आपल्या रागापायीं दुसऱ्याच्या मालमत्तेस धक्का लागूं न देणारा आणि स्वतःच्या जिवासाठीं याचना न करणारा पुरुष जगांत विरळा. स्वतंत्र बुद्धि हवी, पण तिच्या जोडीला असें शील हवें.